चौघांची फुंकर

“जवस घातलंय का माती कालवलीय, त्या फुंकणीलाच ठाऊक,” सुगलाबाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या.

बोलणं कुणाला उद्देशून नव्हतं. पण सोलापुरातल्या त्या फ्लॅटचं स्वयंपाकघर एवढंसं, की तिथं पुटपुटलेलंही ओट्यापर्यंत पोचायचं. ओट्याशी त्यांची सून शिवलीला उभी होती. तिला उत्तर देता आलं नाही, कारण त्या वेळी ती नवऱ्याच्या नावानं फुंकत होती.

यंत्राला कंपनीनं ‘प्रातःश्री’ असं भारदस्त नाव दिलं होतं. सोलापूरकरांनी ते आल्याआल्याच मोडीत काढलं. ज्यात फुंकायचं ती फुंकणी, मग ती चुलीपाशी असो नाहीतर ओट्यावर. मिक्सरएवढं यंत्र, पुढं एक नळी, मागं धान्याचे कप्पे. सकाळी दात घासायच्या आधी आपल्या नावाचं बटण दाबायचं, एक लांब फुंकर मारायची, की चहाला उकळी येईस्तोवर खालच्या खणात गरम वडी पडलेली असायची. ज्वारी, नाचणी, राजगिरा, शेंगदाणे, जवस, गूळ. कशाचं प्रमाण किती ते फुंकर बघून यंत्र ठरवायचं. एकेकाळी अशा वड्या दुकानात चकचकीत कागदात मिळायच्या आणि घाईतली माणसं रिक्षात बसून त्या चावायची. आता प्रत्येक घर आपापली पाडत होतं, आणि सकाळच्या वेळी फोडणीचा वास आला तर शेजारी विचारायचे, कोण पाहुणे आलेत?

ज्याची फुंकर त्यानंच मारायची, हे कंपनीनं पहिल्या दिवशी बजावून सांगितलं होतं. म्हेत्र्यांच्या घरात मात्र ते काही जमलं नाही. शिवलीलाचा नवरा राजशेखर वीज उपकेंद्रात ऑपरेटर. पहिली पाळी असली की उठल्याबरोबर दात घासून मोकळा व्हायचा, आणि टूथपेस्टचा वास लागला की यंत्र फुंकर नाकारायचं. सुगलाबाई अंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय कशाला तोंड लावायच्या नाहीत, त्यातून सगळ्या घरानं तोंड लावलेल्या नळीला तर नाहीच. लेक समृद्धी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. ती कॉलेजची बस गल्लीच्या तोंडाशी आल्यावर उठायची. तेव्हा शिवलीला चौघांचं फुंकायची.

त्यात तिला वावगं काही वाटलं नव्हतं. सासूच्या गुडघ्यांसाठी सोमवार ती धरायची, लेकीच्या परीक्षेसाठी शनिवार ती धरायची, नवऱ्याच्या बढतीसाठी चपला न घालता देवळात ती जाऊन आली होती. सगळ्यांच्या वाटचं करणाऱ्या माणसाला आणखी एक फुंकर काय जड? सासूच्या नावाला ती हळू फुंकायची, नवऱ्याच्या नावाला जरा छाती भरून. फसवणूक करावी असं मनातही नव्हतं. ज्याचं माप त्याला, एवढाच हिशेब.

आणि यंत्रानंही कधी तक्रार केली नाही. त्याला कारण होतं.

आपल्या आतड्यात जंतूंचा एक मोठा संसार नांदत असतो. आपण जे खातो तेच ते खातात आणि त्यातून नाना तऱ्हेचे वायू सोडतात. हे वायू रक्तात मिसळतात, रक्तातून फुप्फुसात येतात आणि श्वासावाटे बाहेर पडतात. आपल्या नाकाला ते कळत नाहीत, पण फुंकणीच्या नळीतल्या पातळ चकतीला कळतात. आत कोण उपाशी आहे, कोण माजलंय, ते त्यावरून ताडून ती तसं धान्य निवडायची. शिवाय वडीत चिमूटभर जिवंत जंतू घालायची, कोमट दुधाला विरजण लावतात तसं. आणि एका भांड्यातलं खाणाऱ्या माणसांचं विरजणही हळूहळू एकच होतं. एका घरातले श्वास एकसारखे येऊ लागतात हे कंपनीच्या शास्त्रज्ञांना ठाऊक होतं, त्यामुळं म्हेत्र्यांच्या घरातून चार सारख्या फुंकरा आल्या तरी कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. एकच बाई चार वेळा फुंकत असेल, हे मात्र त्या हुशार माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या घरी सकाळी काय चालायचं कोण जाणे.

पुढं आणखी एक गोष्ट उजेडात आली. माणसाला विसर पडायला लागतो, माणसं ओळखू येईनाशी होतात, त्या दुखण्याची चाहूल डोक्याच्या कितीतरी वर्षं आधी पोटाला लागलेली असते. आतला संसार विस्कटायला लागतो आणि श्वास ते सांगतो. वेळेत कळलं तर दवाखान्यातल्या इंजेक्शनांनी ते थोपवता येतं. बरं होत नाही, पण थांबून राहतं. मग फुंकणीला तेही काम दिलं. तसा श्वास दिसला की ती आपणहून वडीत जवस, अक्रोड आणि एका सालीची कडसर पूड वाढवायची, आणि निरोप धाडायची.

निरोप कुणाला, यावर मात्र सुरुवातीला मोठा गोंधळ झाला. कंपनीनं तो ज्याचा त्याला पाठवला. तर नातेवाईक कंपनीच्या दारात येऊन भांडायला लागले, की आम्हाला विचारल्याशिवाय तुम्ही परस्पर पेशंटला सांगितलंच कसं? आपल्याकडं डॉक्टरसुद्धा आधी पोराला बाहेर व्हरांड्यात बोलावतात, आणि पोरगं आत येऊन सांगतं, काही नाही हो आई, साधी उष्णता आहे. कंपनी शहाणी निघाली. यंत्र घेतानाच ती विचारून घ्यायला लागली, वाईट बातमी असली तर कुणाला कळवायची? शिवलीलानं राजशेखरचं नाव सांगितलं. राजशेखरनं शिवलीलाचं. दुसरं कुणाचं सांगणार? सुगलाबाईंच्या आणि समृद्धीच्या नावापुढची ती जागा भरायची राहूनच गेली, त्यामुळं त्यांचा निरोप कुणालाच जाणार नव्हता.

दिवाळीचा फराळ संपत आला होता तेव्हा शिवलीलाच्या फोनवर निरोप आला. राजशेखर म्हेत्रे यांच्या श्वासात विस्मरणाच्या दुखण्याच्या सुरुवातीच्या खुणा गेले काही महिने दिसत आहेत. घाबरू नये, वागण्याकडं लक्ष ठेवावं, सवडीनं तपासणी करून घ्यावी. ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. तिनं दोरीवरचे सगळे कपडे काढले, घड्या घातल्या, खाली आली, आणि कुणालाही काही बोलली नाही.

लक्ष ठेवा म्हटल्यावर तिनं ठेवलं. आणि जिकडंतिकडं खुणा सापडायला लागल्या. राजशेखर चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायचा. लेकीला हाक मारताना आधी बहिणीचं नाव घ्यायचा. कोथिंबीर आणायला जायचा आणि मेथी घेऊन यायचा. हे सगळं तो लग्नाच्या पहिल्या वर्षापासून करत आला होता, पण तेव्हा त्याला नवरेपणा म्हणत. आता ती लक्षणं झाली. रोज सकाळी त्याचा डबा भरताना तिला वाटायचं, एक दिवस हा डबा घेऊन निघेल आणि उपकेंद्राचा रस्ता चुकेल.

त्यात घरातली हवाच बदलली. राजशेखर तिच्या मागं मागं स्वयंपाकघरात यायला लागला. तिनं गॅस बंद केला की थोड्या वेळानं तो पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन बटणाला हात लावून बघायचा. भाजी आपणहून आणायला लागला. रागावणं तर पार सोडून दिलं. भाजी खारट झाली तरी म्हणायचा, छान झालीय. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा खारट भाजीला छान म्हणतो तेव्हा बाईनं काय समजायचं? दोन दिवस तर तिला वाटलं, बाहेर काही भानगड आहे. मग स्वतःचीच लाज वाटली. आजारी माणूस घाबरलेला असतो, तो चिकटून राहतो, अशी तिनं मनाची समजूत घातली.

समृद्धीचंही तसंच. पूर्वी मान वर न करणारी पोर आता शेजारी येऊन बसायची आणि मधेच विचारायची, आई, काल टीव्हीवर आपण काय बघितलं गं? मावशीच्या धाकट्याचं नाव काय? शिवलीला उत्तर द्यायची आणि पोर सुटल्यासारखा श्वास टाकायची. हिला बापाचं कळलं असणार, शिवलीलाला वाटायचं, म्हणून मन रमवायला येते. घरात जो तो दुसऱ्याकडं चोरून बघत होता, आणि नजर भेटली की दोघंही हसत होते. राजशेखर अधूनमधून म्हणायचा, एकदा दोघंही तपासून येऊ की. ती म्हणायची, जाऊ, संक्रांत होऊ दे. दवाखान्यात जायचं तर ‘कशासाठी’ ते बोलावं लागलं असतं. ते दोघांनाही नको होतं.

एकट्या सुगलाबाई काही लपवत नव्हत्या. वडी कडू लागते म्हणून त्या आपल्या रोज कुरकुरत होत्या.

शिवलीलाला सगळ्यात भीती वाटायची ती नवऱ्याच्या कामाची. उपकेंद्रात एखाद्या लाइनवर दुरुस्ती निघाली की ऑपरेटर ती लाइन बंद करतो आणि मग लाइनमनला परमिट देतो. परमिट म्हणजे, चढ बाबा खांबावर, वीज नाही, हा शब्द. खांबावरचा माणूस त्या शब्दावर उघड्या हातानं तार धरतो. राजशेखरनं आजवर तो शब्द कधी चुकवला नव्हता. घरातले दिवे लुकलुकून गेले तरी तो ताटावरून मान वर करून सांगायचा, होटगी रोडचा फीडर, आत्ता येईल. आणि यायचे. पण आता? एखादी लाइन बंद करायची तो विसरला तर? वर चढलेल्या पोराचीही कुणी बायको असेल, आई असेल.

ती बरेच दिवस ह्यावर कुढली. मग संक्रांतीच्या शेंगापोळ्यांचा डबा घेऊन उपकेंद्राचे अधिकारी गुरवसाहेब यांच्या घरी गेली. गुरववहिनींशी इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर तिनं साहेबांना सांगितलं, ह्यांच्याकडून परमिटचं काम काढून घ्या. का म्हणून साहेबांनी विचारलं, तेव्हा तेही सांगितलं. मी सांगितलं हे मात्र ह्यांना कळू देऊ नका, म्हणाली. गुरवसाहेब भला माणूस. त्यांनी हात जोडून तिचे आभार मानले. परतताना तिला वाटलं, योग्य तेच केलं.

त्याच आठवड्यात राजशेखरला कंट्रोल रूममधून उठवून मीटरच्या तक्रारींच्या टेबलावर बसवलं. घरी येऊन तो म्हणाला, ऑफिसात फेरबदल चाललेत. एवढंच. जेवताना दिवे लुकलुकले, सुगलाबाईंनी सवयीनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा आमटीत भिजवत राहिला, तो पार विरघळेपर्यंत.

संक्रांतीला सोलापुरात भरणारी गड्ड्याची जत्रा चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. समृद्धी आणि ती जत्रेला निघाल्या होत्या. दाराला कुलूप लावून जिना उतरल्यावर समृद्धी पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून आली. शिवलीलाला राग आला. ती म्हणाली, माझ्या मागं काय बघतेस, बघायचं तर तुझ्या बाबांच्या मागं बघ.

“बाबांचं काय?” समृद्धीनं विचारलं.

“तुला माहीत नाही?”

“काय माहीत नाही? बाबांना तुझ्याबद्दल निरोप आला तेव्हापासून बाबाच तर...” आणि पोरीनं जीभ चावली. चेहरा उतरला. मग ती, चल आई, उशीर होईल, म्हणत भराभरा पुढं चालायला लागली.

शिवलीला जत्रेत काय हिंडली ते तिचं तिलाच कळलं नाही. पाळण्यात बसलेली माणसं ओरडत होती. लेकीनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता, लेकीच्या लहानपणी ती तिचा धरायची तसा. तिनं फक्त एकच विचारलं, निरोप कधी आला? समृद्धीनं पकड आणखी घट्ट केली. मग म्हणाली, दिवाळीत.

दिवाळीत. तिलाही दिवाळीतच आला होता. एका घरातल्या दोन माणसांना एकच दुखणं, तेही एकाच सुमारास. नशीब एवढं कंजूष असतं होय, की दोघांना मिळून एकच दुखणं द्यावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी ओट्याशी गेली. स्वतःच्या नावाचं बटण दाबलं, फुंकलं. वडी पडली. मग राजशेखरच्या नावाचं बटण दाबलं, छाती भरून घेतली, नळी ओठांना लावली.

आणि तशीच उभी राहिली.

यंत्रानं थोडी वाट पाहिली आणि दिवा लुकलुकवला. फुंका, असा त्याचा अर्थ. तिनं नळी खाली ठेवली. हाताला एकदा सवय लागली की डोकं त्यातून अंग काढून घेतं. रोज सकाळी ती हे करत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. का होता, आणि आता राहिला नव्हता? हा दुसरा विचार आला तेव्हा तिनं ओट्याचा काठ धरला.

तिनं स्वतःवर विश्वास ठेवला नाही. यंत्रावरही नाही. तिनं राजशेखरला हाक मारली आणि म्हणाली, मला सर्दी झालीय, आज तुमचं तुम्ही फुंका, दात घासायच्या आधी. एरवी त्यानं कुरकूर केली असती. पण हल्ली तो तिच्या कुठल्याच शब्दाबाहेर नव्हता. त्यानं फुंकलं. खणात पडलेली वडी तिनं बशीत काढली. रंगानंच वेगळी होती. पिवळसर, शेंगदाण्याची, गुळाचा तुकडा चमकत होता. जवसाचा काळा ठिपका औषधालाही नव्हता.

“आज बरी झालीय,” राजशेखर म्हणाला. “कप्प्यातलं धान्य बदललंस का?”

ती हो म्हणाली.

सर्दी तिनं चांगली आठवडाभर टिकवली. समृद्धीला गदागदा हलवून उठवलं आणि फुंकायला लावलं. नवऱ्याची वडी रोज गोड निघाली, लेकीची नाचणीची, खुसखुशीत. तिची एकटीची रोज काळपट, कडू. सासूच्या नावानं ती अजून स्वतःच फुंकत होती, तीही तशीच कडू. तिला एवढ्यानं पुरलं असतं, पण आशा चिवट असते. एक दिवस तिनं सासूला गळ घातली, आत्या, दातांना काही न लावता अंघोळ करून, पूजा करून या, पण आज तुम्ही फुंका. सुगलाबाईंनी नळी पदरानं तीनतीनदा पुसली आणि फुंकलं. वडी पडली. त्यांनी तोडून तोंडात टाकली, सावकाश चघळली, आणि सुनेकडं बघत राहिल्या.

“म्हणजे आजवर मी तुझं खात होते व्हय,” त्या म्हणाल्या.

सुगलाबाईंना निरोपांचं कुणी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला कशाला, म्हणून. पण त्या दिवसभर त्याच घरात बसलेल्या असत. पोराची कुजबुज, नातीचे प्रश्न, सुनेचं टक लावून बघणं, सगळं त्यांच्या कानांवर पडलं होतं, डोळ्यांखालून गेलं होतं. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि विचारलं. शिवलीलानं सांगितलं, गुरवसाहेबांकडं गेल्याचंही.

सुगलाबाईंनी हातातली वडी संपवली. मग त्यांनी आपला सल्ला दिला, आणि तो सुनेला अपेक्षित नव्हता. त्यांचं म्हणणं, बोलायचं नाही. राजाला टेबल मिळालंय तर मिळू दे. ऊन नाही, पाऊस नाही, रात्रपाळी नाही. दुखणं बाईचं आहे हे एकदा ठरलं की तिचं काय होतं ते त्यांनी बघितलं होतं. त्यांच्या थोरल्या जावेचं असंच झालं. आधी तिच्या हातातून विळी गेली, मग मिठाचा डबा, मग किल्ल्या. शेवटी आल्यागेल्याला चहा हवा का, हेही तिला कुणी विचारू देईना. ती घरातच होती, पण पाहुणी होऊन राहिली.

“तू गपचूप दवाखान्यात जा, सुया टोचून घे. मी येते सोबत, माझे गुडघे दाखवायचे म्हणून,” त्या म्हणाल्या. “राजाला कशाला सांगायचं? त्याला काय व्हतंय टेबलावर बसायला?”

शिवलीलाला तो मार्ग आवडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. एक दोन दिवस तर ती हलकीच झाली. सासू-सून मिळून एक गुपित सांभाळणार, कुणाचं काही बिघडणार नाही. खांबावरच्या पोरांनाही धोका नाही, राजशेखरच्या जागी दुसरा कुणी परमिट देतोच आहे. आणि किल्ल्या आपल्या कमरेला. रात्री पाठ टेकली की तेवढं मात्र डोळ्यांपुढं यायचं: आमटीत विरघळणारा भाकरीचा तुकडा.

मग एका सकाळी राजशेखर न्याहारीला बसला तो ऑफिसचे कपडे न घालता. चौघंही बसले होते. बशांत चार वड्या होत्या, चहा होता. तो म्हणाला की आज तो साहेबांकडं मुदतीआधी निवृत्ती मागणार आहे. कंटाळा आला. मीटरच्या तक्रारी ऐकायला का त्यानं आयुष्यभर वीज सांभाळली? त्यापेक्षा घरी राहीन, शिवलीलाला जरा मदत होईल. बोलताना तो लेकीकडं बघत होता, लेक बशीकडं. दोघांचं आधीच बोलणं झालंय हे आंधळ्यालाही कळलं असतं. तो कंटाळलेला नव्हता. तो तिला सांभाळायला घरी बसत होता, आणि त्याला तसं म्हणता येत नव्हतं. ज्या टेबलाचं तो निमित्त सांगत होता तिथं तिनंच त्याला बसवलं होतं, आणि हे ती म्हणत नव्हती.

सुगलाबाईंनी टेबलाखालून सुनेच्या पायावर पाय ठेवला. दाबला.

“अहो,” शिवलीला म्हणाली, “तुमचं काम मी काढून घेतलं. गुरवसाहेबांकडं मी गेले होते.”

तिला वाटलं, आता तो ओरडेल. बशी आपटेल. तिला ते चाललं असतं. खरं तर तिला ते हवंच होतं.

“माहीत आहे मला,” राजशेखर हळू आवाजात म्हणाला. “गुरववहिनींच्या तोंडून कळलं. जाऊ दे. तू मुद्दाम नाही केलंस.” आणि त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. “तुला तसं वाटलं असेल. होतं असं. तू वडी खा.”

समृद्धीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या बापलेकीनं केव्हाच ठरवून टाकलं होतं, की नवऱ्यावर घेतलेला संशय हाही तिच्या दुखण्याचाच भाग. किती सोपं होतं. तिनं मान हलवली असती तर त्यानं आणखी काही विचारलं नसतं, आणि आपल्याला कंट्रोल रूममधून नेमकं कशाच्या आधारानं उठवलं ते त्याला जन्मात कळलं नसतं. स्वतःच्या डोक्यावरचा संशयही त्यानं मनात कुठंतरी बाळगला असता, एकटा असताना, चष्मा शोधताना.

सुगलाबाईंचा पाय अजून तिच्या पायावर होता. तिनं आपला पाय काढून घेतला.

“अहो, नीट ऐका. तुमच्या दुखण्याचा निरोप मला आला होता, म्हणून मी साहेबांकडं गेले. पण तुमच्या नावानं त्या फुंकणीत रोज मी फुंकत होते. तुमच्या, आत्यांच्या, समूच्या. सगळ्या फुंकरा माझ्या,” ती म्हणाली. “तुम्हाला काही झालेलं नाही. विसर पडायचं दुखणं मला आहे. एकटीला.”